येळवणीची कुळकथा

येळवणी मला भेटली ती तोक्योत. लेकीकडे गेलो होतो, तिनं त्सुकेमेनच्या दुकानात नेलं. दाराशी मशीनमध्ये पैसे टाकून कूपन घ्यायचं, पाऊण तास रांगेत उभं राहायचं, आत मुकाट्यानं खायचं. समोर दोन वाडगे. एकात उकडून गार पाण्यात धुतलेल्या जाडजूड शेवया, दुसऱ्यात मासळी नि हाडांचा दाट रस्सा. बुडवायचं आणि ओढायचं. शेवया संपल्या, रस्सा उरला, पण खारट जहर. लेक म्हणाली, "बाबा, सूप-वारी मागा."

वारी! नाथांची पालखी आमच्या शेवगाव तालुक्यातून जाते, त्यामुळे मी दचकलोच. तिकडे वारी म्हणजे पातळ करणं. दुकानातल्या पोरानं रश्शात गरम कढण ओतलं, मग तो पिता आला.

त्सुकेमेन काही पुरातन नाही. काझुओ यामागिशी नावाच्या आचाऱ्यानं चाळणीत उरलेल्या शेवया रश्शात बुडवून खाल्ल्या, त्यातून हे निघालं. 1961 साली त्यानं हिगाशी-इकेबुकुरोत स्वतःचं दुकान काढलं. पण वारीची रीत जुन्या सोबावाल्यांची, म्हणजे कुट्टूच्या शेवयावाल्यांची. ते तर शेवया उकडलेलं पाणीच उरलेल्या रसात ओततात. त्या पाण्याला म्हणतात सोबायु. म्हणजे आपली येळवणी की हो!

आमच्याकडे पुरणाची डाळ शिजली की वरचं पाणी गाळून घेतात, ती येळवणी. तिचीच कटाची आमटी. शब्दाची शेपटी सोपी आहे. गुळवणी, चिंचवणी, तशी येळवणी. संस्कृत 'पानीय'चं झिजत 'वणी' झालं. 'वे'चा 'ये' करणं तर आमच्या तोंडचंच. येळ, येडा, येस.

भांडण आहे ते उरलेल्या 'येळ'वरून, म्हणजे 'वेळणे'वरून, शिजल्यावर पाणी काढून टाकणं ते. कुणी म्हणतं, वेळ साधून पाणी काढायचं म्हणून वेळणे. हे मला पटत नाही. वेळ तर भाकरीलाही साधावी लागते. दुसरा पक्ष तगडा आहे. संस्कृत 'वेल्ल्' म्हणजे हलणं, डोलणं. झाकण दाबून पातेलं कलतं करायचं, ते वेळणे. माझा कौल मात्र वेळूला. बांबूच्या विणीतून पाणी गाळायचं, ते वेळणे. जपानी लोक सोबा आजही बांबूच्या झारूवर वाढतात, आणि आपली रोवळीही बांबूचीच. भात वेळताना रोवळी कुठे असते, असं कुणी विचारलं तर मी अडकतो, हे कबूल. पण शेवयांना ती लागायचीच. आई उकळत्या शेवया परड्याच्या कडेला रोवळीत ओतायची, वाफेत तिचा चष्मा पांढरा व्हायचा. मग शेवयांवर गूळ नि तूप.

रोवळीखालचं पाणी मात्र आम्ही कधी प्यालो नाही. ते गाईच्या आंबोणात जायचं. आणि त्या आंबोणातही हीच वणी लपली असणार, असा माझा दाट संशय आहे.