मामाचा कॅमेरा आणि बीडीडीतले फोटो

स्मरणिकेसाठी जुने फोटो गोळा करायचं ठरलं तेव्हा ग्रुपवर पहिलाच प्रश्न आला, "१९९० च्या निरोप समारंभाचे फोटो कुठे आहेत? कॅमेरा तर तुझ्याच गळ्यात होता!" इतकी वर्षं मी या प्रश्नाला बगल देत आलो. आज उत्तर देतो. पण त्याआधी आपल्या चाळीत कॅमेरा कसा आला ते सांगायला हवं, कारण दोन्ही गोष्टी एकमेकींत अडकलेल्या आहेत.

बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात या चाळी बांधल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती, त्यांतल्या १२१ आपल्या वरळीत. तळमजला आणि वर तीन मजले, मधून लांबलचक पॅसेज, दोन्ही बाजूंना खोल्या. एका खोलीचं क्षेत्रफळ १६० चौरस फूट. गिरणी कामगार, पोलीस, पालिकेचे कर्मचारी अशी वस्ती. आपल्या आजी-आजोबांच्या काळात फोटो म्हणजे स्टुडिओत जाऊन काढायची गोष्ट. ठेवणीतले कपडे, मागे रंगवलेला पडदा, खुर्चीवर आजोबा आणि बाजूला उभी आजी. त्या फोटोंत माणसं आहेत, पण त्यांचं घर कुठेच नाही.

तिकडे अमेरिकेत जॉर्ज ईस्टमनने १८८८ सालीच पहिला कोडॅक कॅमेरा बाजारात आणला होता. शंभर फोटोंचा रोल आतच भरलेला. फोटो काढणाऱ्याने फक्त बटण दाबायचं, रोल संपला की कॅमेराच कंपनीकडे पाठवायचा. सामान्य माणसाच्या हाती कॅमेरा देण्याची कल्पना ती हीच. आपल्याकडे ती यायला बराच काळ लागला. आधी आला आग्फाचा क्लिक थ्री, १२० च्या रोलवर चालणारा. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याचे 'इंदू' नावाचे कृष्णधवल रोल अनेकांना आठवत असतील. पण या कॅमेऱ्यांना उजेड लागायचा, आणि आपल्या पॅसेजमध्ये भरदुपारीही दिवा लावावा लागे. १९७५ मध्ये जपानच्या कोनिकाने कॅमेऱ्यातच फ्लॅश बसवला. पुढे अशा धर्तीचे साधे कॅमेरे आपल्याकडेही दिसू लागले, आणि चाळीच्या खोलीत फोटो काढणं खऱ्या अर्थाने शक्य झालं.

आमच्या घरात मात्र मधली काही वर्षं कोरीच गेली. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. वडील गिरणीत होते. आमच्या अल्बममध्ये धाकट्या बहिणीचा बारशाचा फोटो आहे आणि त्यानंतर एकदम ती शाळेच्या गणवेशात दिसते. मधल्या काळात ती रांगली, चालायला लागली, बोलायला लागली, त्यातलं काहीच कागदावर नाही. तुमच्यापैकी अनेकांच्या अल्बममध्ये अशीच फट असेल. संपाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी ती फटही मोजायला हवी, असं मला वाटतं.

मग मामाने याशिका घेतला. कॅमेरा एकाचा, पण फिरायचा साऱ्या नातेवाइकांत. बारसं, हळद, गणपती, जांबोरी मैदानातली दहीहंडी, जिथे लागेल तिथे तो जाई. रोल आपला आपण भरायचा, पेन्सिल सेल आपले आपण आणायचे. छत्तीस फोटोंचा एक रोल गणपतीत सुरू झाला की दिवाळीपर्यंत पुरवायचा. म्हणून कोणी उगाच बटण दाबत नसे. नळावरची रांग, जिन्यात बसलेली पोरं, पॅसेजमध्ये वाळत घातलेले पापड, यांच्यावर फोटो कोण खर्च करणार?

या कॅमेऱ्यात फोकस जुळवायचा प्रश्न नव्हता. भिंग एकाच जागी पक्कं. साधारण पाच फुटांपलीकडचं सगळं बऱ्यापैकी स्पष्ट येई, त्याच्या आतलं पुसट. आता १६० चौरस फुटांची खोली, त्यात पलंग, कपाट, मोरी आणि दहा पाहुणे. मागे सरकायला जागाच नाही! म्हणून फोटो काढणारा उंबऱ्याबाहेर पॅसेजमध्ये उभा राहायचा. आपल्या घरांतले बहुतेक फोटो दारातून काढलेले का दिसतात, याचं कारण हे.

आता निरोप समारंभ. मामाकडून कॅमेरा आणला, नवा रोल भरला. नीट चालतोय ना हे बघायला सकाळी चाळीतच तीन फोटो काढले. एक पॅसेजचा, एक दारात उभ्या आईचा, एक समोरच्या खोलीतल्या आजींचा. "फुकट कशाला घालवतोस?" म्हणून आई ओरडलीसुद्धा. मग शाळेत उरलेला सगळा रोल संपवला. बाईंना मध्ये बसवून काढलेला फोटो, सरांच्या टेबलाभोवतीचा घोळका, गेटजवळ रडणाऱ्या मुली, सगळं. रोल पुढे सरकेना तेव्हा तो संपल्याचं कळलं. पण रोल उलटा गुंडाळून डबीत घ्यायचा असतो, हे त्या गडबडीत विसरलो आणि मागचं झाकण उघडलं. व्हरांड्यातलं ऊन थेट फिल्मवर पडलं.

मित्रहो, तुमचे फोटो तिथेच गेले. चूक संपूर्ण माझी. शाळेने काढून घेतलेला ग्रुप फोटो आहे, पण त्यात आपण सगळे खांद्याला खांदा लावून ताठ उभे. बाई हसताना त्यात नाहीत, आणि आता बाईही नाहीत.

तरी मी रोल धुवायला टाकला. गुंडाळीत शेवटचे फोटो बाहेरच्या बाजूला असतात, त्यांनी ऊन झेललं. पहिले फोटो आत गाडलेले असतात. त्यामुळे सकाळचे ते तीन 'फुकट' फोटो वाचले, कडेला केशरी पट्टे घेऊन.

१४ ऑगस्ट २०२५ ला वरळीतल्या पुनर्विकासातल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. घर ५०० चौरस फुटांचं. आनंदच आहे, आईला तो दिवस बघायला मिळायला हवा होता. पण जुना पॅसेज कसा होता, हे नातीला दाखवायला माझ्याकडे तेवढे तीनच फोटो आहेत. दारावरचा खोलीचा नंबर, भिंतीचा उडालेला रंग, आईच्या मागे दिसणारी मांडणी, सगळं त्यात आहे.

म्हणून एक विनंती. घरातले जुने अल्बम काढा आणि या वेळी माणसांच्या मागे काय दिसतंय ते बघा. बारशाच्या फोटोत कोपऱ्यात स्टोव्ह असेल, हळदीच्या फोटोत जिना असेल. निगेटिव्ह बिस्किटाच्या डब्यात पडल्या असतील तर टाकू नका. फोटोमागे हलक्या हाताने पेन्सिलीने नावं, साल आणि चाळ क्रमांक लिहा, आणि पुढच्या भेटीला घेऊन या. निरोप समारंभाचा एखादा फोटो दुसऱ्या कोणी काढला असेल, तर तो सगळ्यात आधी दाखवा. मला बाईंना बघायचं आहे.