आचरेकर सरांची शाबासकी

मॅच संपल्यावर कोचनं पोरांशी काय बोलावं? शिवाजी पार्कच्या रमाकांत आचरेकर सरांनी सचिनला कधीच ‘छान खेळलास’ म्हटलं नाही. पोरगं हवेत जाईल, ही काळजी. १६ नोव्हेंबर २०१३ ला वानखेडेवर निरोप घेताना सचिननंच हे सांगितलं. आता पुढं मॅचच नाही, सरांनी आता तरी म्हणायला हरकत नाही, असंही हसत म्हणाला.

सर कडकच होते. पण खूश झाले की भेळपुरी, पाणीपुरी खाऊ घालायचे. पोरांना तेवढ्यानंच कळायचं.

आपल्या आळंदी-चाकणच्या मैदानांवर हरलेल्या पोरांना चारचौघांत झापणाऱ्यांनी सरांचा नुसता कडकपणा उचलू नये. ती भेळसुद्धा लक्षात ठेवावी.