कर्ता, कृती आणि जनक्षोभ : दूरचित्रवाणीवरील विनोदाच्या संदर्भात

कलावंताचे वर्तन आणि त्याची कलाकृती यांचा संबंध काय, हा प्रश्न मराठी समीक्षेला नवा नाही. मर्ढेकरांच्या सौंदर्यविचारातील स्वायत्ततेच्या भूमिकेपासून रोलां बार्थ यांच्या ‘लेखकाचा मृत्यू’ या संकल्पनेपर्यंत अनेक अंगांनी तो चर्चिला गेला आहे. या चर्चेने गृहीत धरलेली कलाकृती मात्र बहुधा एकाच कर्त्याची, छापील आणि प्रसिद्ध झाल्यावर वाचकाच्या हाती उरणारी असते. दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिकेला यांपैकी काहीच लागू पडत नाही. ती अनेकांनी मिळून घडवलेली असते, तिची मालकी वाहिनीकडे वा निर्मितीसंस्थेकडे असते आणि मालकाने ठरवले तर ती पाहण्याची सोयच नाहीशी होते. म्हणून विनोदकारावर गैरवर्तनाचा आरोप येऊन समाजमाध्यमांतून क्षोभ उसळतो, तेव्हा ‘कलावंताचा बचाव करावा काय’ हा प्रश्न अपुरा ठरतो. बचाव व्यक्तीचा, कृतीचा की कृतीच्या उपलब्धतेचा, हे आधी ठरवावे लागते. अमेरिकेतील विनोदाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

जनक्षोभ आणि मालकाची माघार ही जोडी समाजमाध्यमांहून पुष्कळ जुनी आहे. मूकपटांतील लोकप्रिय विनोदी नट रॉस्को आर्बकल याच्यावर सप्टेंबर १९२१ मध्ये व्हर्जिनिया रॅपी या अभिनेत्रीच्या मृत्यूस कारणीभूत झाल्याचा आरोप आला. हर्स्ट यांच्या वृत्तपत्रांनी निकालाची वाट पाहिली नाही. दोन खटल्यांत ज्यूरीचे एकमत झाले नाही. तिसऱ्या खटल्यात, १२ एप्रिल १९२२ रोजी, ज्यूरीने त्याला निर्दोष ठरवून लेखी दिलगिरीही व्यक्त केली. तरीही सहाच दिवसांनी चित्रपट-उद्योगाच्या संघटनेचे प्रमुख विल हेज यांनी त्याच्या चित्रपटांवर बंदी घातली. डिसेंबरमध्ये ती उठली. पण नट म्हणून त्याचे पूर्वीचे स्थान त्याला पुन्हा लाभले नाही आणि पुढे त्याने टोपणनावाने दिग्दर्शन केले. या काळात मृत स्त्रीच्या चारित्र्याचीही चिरफाड झाली. क्षोभाने आरोपीला न्याय दिला नाही आणि जिच्या नावाने तो उसळला तिलाही दिला नाही. सरकारी सेन्सॉरशिप टाळणे ही उद्योगाची निकड होती. बंदीचा अर्थ त्या निकडीत शोधावा लागतो.

दूरचित्रवाणीच्या आरंभकाळातील दोन प्रसंग हेच सुचवतात. ‘एमॉस अँड अँडी’ या सीबीएस वाहिनीवरील मालिकेला (१९५१-५३) एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेने विरोध केला. तो विरोध कोणाच्या खाजगी वर्तनाला नव्हता. कृष्णवर्णीयांच्या विकृत चित्रणाला, म्हणजे संहितेलाच होता. पुनःप्रक्षेपणातून ती मालिका मागे घेतली गेली ती १९६६ मध्ये. याउलट, १९३६ मध्ये कम्युनिस्ट पक्षाची मतदार म्हणून नाव नोंदवल्याची बाब १९५३ मध्ये उघड झाली, तेव्हा ल्यूसिल बॉल हिच्या पाठीशी वाहिनी आणि प्रायोजक दोघेही उभे राहिले. तिची मालिका त्या वेळी लोकप्रियतेत पहिल्या क्रमांकावर होती. त्याच काळात कमी प्रसिद्ध असलेल्या अनेक कलावंतांच्या वाट्याला असे पाठबळ आले नाही, हे लक्षात घेतले की बचाव तत्त्वासाठी झाला असे म्हणणे कठीण जाते.

‘द कॉस्बी शो’चे (एनबीसी, १९८४-९२) प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. सुशिक्षित, सुस्थित कृष्णवर्णीय कुटुंबाला घराघरांत नेणारी ही मालिका लेखक, दिग्दर्शक आणि नटसंचाच्या सामूहिक कर्तृत्वातून उभी राहिली होती. बिल कॉस्बी यांच्याविरुद्ध २००५ मध्ये लैंगिक अत्याचाराची तक्रार झाली. अभियोक्त्याने खटला भरला नाही आणि २००६ मध्ये दिवाणी दावा तडजोडीने मिटला. त्यानंतरची शांतता मोडली ती हॅनिबल ब्युरेस या विनोदकाराने. ऑक्टोबर २०१४ मध्ये फिलाडेल्फियातील एकपात्री कार्यक्रमात त्याने या आरोपांचा उल्लेख केला आणि त्याचे चित्रण इंटरनेटवर पसरले. विनोदाच्या बचावातला हा सर्वांत भक्कम मुद्दा होय : संस्थांनी न बोललेले सत्य विनोदानेच बोलून दाखवले. पुढच्याच महिन्यात टीव्ही लँड वाहिनीने पुनःप्रक्षेपण थांबवले. त्याबरोबर इतर नटांचे पुनःप्रक्षेपणाचे मानधन आणि कृतीतील त्यांचा वाटाही झाकला गेला. कॉस्बी २०१८ मध्ये दोषी ठरले. २०२१ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने कार्यपद्धतीच्या कारणावरून तो निर्णय रद्द केला. २०२२ मध्ये कॅलिफोर्नियातील दिवाणी ज्यूरीने वेगळ्या प्रकरणात त्यांना जबाबदार धरले. निकालांच्या या चढउतारांवर संहितेचे मूल्य टांगून ठेवता येत नाही.

अर्थात कर्ता आणि कृती यांची फारकत सर्वत्र शक्य नाही. लुई सी. के. याने ‘लुई’ (एफएक्स, २०१०-१५) ही मालिका स्वतः लिहिली, दिग्दर्शित केली आणि तीत स्वतःचेच रूप वठवले. नोव्हेंबर २०१७ मध्ये पाच स्त्रियांनी केलेले आरोप त्याने मान्य केले. एचबीओने त्याचे जुने कार्यक्रम आपल्या संग्रहातून काढले. ‘लुई’च्या २०१४ मधील पर्वात नायक एका स्त्रीवर बळजबरी करू पाहतो, असे दृश्य आहे, त्यावर तेव्हाच वाद झाला होता. आत्मपरीक्षणाचा आव आणणारा विनोद कबुली देत होता की कबुली टाळण्याची सोय करत होता, हा प्रश्न आज अटळ आहे. स्वायत्ततावादी वाचन येथे तोकडे पडते. पण चरित्रनिष्ठ वाचनालाही संहिता समोर असावीच लागते.

‘रोझॅन’चे उदाहरण तिसरी वाट दाखवते. रोझॅन बार हिच्या वर्णद्वेषी ट्वीटनंतर काही तासांतच, २९ मे २०१८ रोजी, एबीसीने पुनरुज्जीवित मालिका रद्द केली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तोच नटसंच ‘द कॉनर्स’ या नावाने परतला. नायिकेचा मृत्यू दाखवला गेला आणि ती मालिका २०२५ पर्यंत चालली. व्यक्तीला शासन आणि सामूहिक कृतीला अभय, हे दोन्ही एकाच वेळी साधता येते, याचा हा पुरावा आहे.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की प्रक्षेपण चालू ठेवणे म्हणजे आरोपीला पैसा आणि प्रतिष्ठा पुरवणे होय. आक्षेप रास्त आहे. म्हणूनच सन्मान आणि उपलब्धता यांत भेद करणे अगत्याचे ठरते. पुरस्कार, नवे करार, मोक्याची प्रक्षेपणवेळ हे सन्मान आहेत आणि ते नाकारण्याचा समाजाला अधिकार आहे. संग्रहातील उपलब्धता हा सन्मान नसून पुरावा आहे. जनक्षोभालाही निव्वळ उन्माद म्हणून झटकता येणार नाही; जेथे अभियोक्ते आणि वाहिन्या गप्प राहिल्या तेथे पीडितांना दाद मागण्याची तीच जागा उरली होती. परंतु क्षोभाचा विषय वर्तन हा असतो आणि वर्तनाचा निवाडा करण्यासाठी कृती नष्ट करण्याची गरज नसते. मालक जेव्हा मालिका दृष्टीआड करतो तेव्हा आपल्या दीर्घ मौनाचा पुरावाही तो दृष्टीआड करतो. संहितेच्या उपलब्धतेचा समीक्षेने धरावयाचा आग्रह या कारणासाठी आहे. त्यातून कर्त्याची निर्दोषता सिद्ध होत नाही, आणि ती सिद्ध करणे हे समीक्षेचे कामही नाही.