स्लम सॉकर

नागपूर येथील क्रीडा-शैक्षणिक उपक्रम. झोपडपट्टीतील मुलामुलींना फुटबॉल खेळवता खेळवता राग आवरण्याची, भांडण बोलून मिटवण्याची, दुसऱ्याचे ऐकून घेण्याची आणि आपले म्हणणे आरडाओरडा न करता मांडण्याची सवय लावणे, हे त्याचे मुख्य काम. क्रीडा विकास संस्था, नागपूर या संस्थेतर्फे तो चालतो. २००१ साली ‘झोपडपट्टी फुटबॉल’ या नावाने त्याची सुरुवात झाली. खेळाडू घडवणारी संस्था म्हणून त्याचा बोलबाला अधिक झाला. शिक्षणाच्या अंगाने त्याकडे फारसे पाहिले गेलेले नाही.

संस्थापक विजय बारसे हे नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात (स्थापना १८८३) क्रीडाशिक्षक होते. भर पावसात वस्तीतली काही मुले फुटकी बादली लाथाडत खेळत असलेली त्यांना दिसली. त्यांनी मुलांना चेंडू दिला. खेळ चालू असेपर्यंत ही मुले वाईट नादांपासून लांब राहतात, हे त्यांच्या ध्यानात आले आणि तेथून वस्त्यावस्त्यांचे संघ व त्यांच्या स्पर्धा उभ्या राहिल्या. क्रिकेटच्या वेडात बुडालेल्या शहरात फुटबॉलची निवड चमत्कारिक वाटेल. पण एका चेंडूत वीस मुले खेळतात, बॅट-पॅड-ग्लोव्हजचा खर्च नाही आणि चिखलात तर मजा वाढतेच. शिवाय शेजारच्या कामठी छावणीमुळे या भागात फुटबॉलची जुनी परंपरा आहे. कामठीचा रब्बानी क्लब त्याच मुशीतला. पुढे बारसे यांचे पुत्र अभिजित बारसे यांनी कामाची धुरा घेतली.

उपक्रमाचा गाभा म्हणजे तीन भागांचा सामना. ही कल्पना कोलंबियातील मेदेयीन शहराची. १९९४ च्या विश्वचषकात स्वयंगोल झाल्यानंतर आंद्रेस एस्कोबार या खेळाडूचा तेथे गोळ्या घालून खून झाला. त्यानंतर जर्मनीचे युर्गेन ग्रीसबेक यांनी टोळीयुद्धात सापडलेल्या तरुणांसाठी वेगळ्या नियमांचा रस्ता-फुटबॉल सुरू केला. त्यातला एक नियम गाजला : पहिला गोल मुलीनेच करायचा. पुढे या पद्धतीचा जगभर प्रसार झाला.

पहिल्या भागात दोन्ही संघ वर्तुळ करून बसतात आणि आजचे नियम ठरवतात. गोल झाल्यावर प्रतिस्पर्ध्याला चिडवायचे नाही. पडलेल्याला पाडणाऱ्यानेच उठवायचे. प्रत्येकाच्या पायाला चेंडू लागल्याशिवाय गोल धरायचा नाही. नियम मुलांचे असल्यामुळे ते मोडले की ‘सरांनी सांगितले होते’ ही सबब चालत नाही. दुसरा भाग प्रत्यक्ष खेळाचा. येथे पंच नसतो, मध्यस्थ असतो; बहुधा मैदानातच वाढलेला एखादा तरुण किंवा तरुणी. चेंडू हाताला लागला की नाही, याचा निवाडा खेळणाऱ्यांनीच करायचा. पहिल्या काही दिवसांत निम्मा वेळ यातच जातो, आणि तो वाया गेला असे समजू नये. तिसऱ्या भागात पुन्हा वर्तुळ. कोणी नियम पाळले, कोणी मोडले, कोणाला एकही पास मिळाला नाही, हे नाव घेऊन पण शिवी न देता सांगायचे. मग प्रत्येक संघ समोरच्या संघाला खिलाडूपणाचे गुण देतो. हे गुण गोलांच्या हिशेबात मिळवले जातात, त्यामुळे मैदानावर जिंकलेला संघ चर्चेत हरू शकतो. दहा-बारा वर्षांच्या मुलाला ही गोष्ट सुरुवातीला सरळसरळ अन्याय वाटते. आपल्याला कमी गुण का मिळाले, हे विचारताना त्याला रडू आवरावे लागते आणि उत्तर पुरते ऐकावे लागते. शिक्षण घडते ते याच ठिकाणी.

अभ्यासाशी सांधा जोडण्यासाठी ‘एज्युकिक’ हा वेगळा कार्यक्रम आहे. त्यात गणितासारखे विषय चेंडूच्या खेळांतून घेतले जातात. अशा खेळाचा साधारण नमुना : प्रशिक्षक ‘बारा भागिले चार’ असे ओरडतो आणि धावत्या मुलांनी तिघातिघांचे गट करायचे असतात. उत्तर चुकलेला मुलगा फळ्यासमोर एकटा उभा राहत नाही, हा त्यातला मोठाच दिलासा.

मिळून काहीतरी करता करता मुलांना वागायला शिकवण्याचा हा विचार विदर्भाला परका नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी नई तालीमची मांडणी केली, झाकिर हुसेन समितीने तिचा अभ्यासक्रम आखला आणि सेवाग्रामात ई. डब्ल्यू. व आशादेवी आर्यनायकम् या दांपत्याने ती चालवून दाखवली. सूतकताई, शेती, सफाई आणि स्वयंपाक मिळून करताना मूल दुसऱ्याशी जमवून घ्यायला शिकते, ही त्यामागची धारणा. २००५ पासून सेवाग्रामातच ‘आनंद निकेतन’ ही शाळा त्या धाग्याने चालते. सरकारी शाळांत मूल्यशिक्षण आले ते परिपाठातून : संवेदनशीलता, सौजन्यशीलता, वक्तशीरपणा अशी दहा मूल्ये, सुविचार आणि बोधकथा. उद्देश चांगला होता, पण संवेदनशीलता फळ्यावर लिहून येत नाही. २०२४ मध्ये राज्याने पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ जाहीर केला. शनिवारी दप्तराला सुट्टी द्यायची ही कल्पना मुलांना आवडण्यासारखीच आहे.

अशा शिक्षणामुळे अभ्यास मागे पडतो, ही पालकांची नेहमीची धास्ती. जोसेफ डर्लाक व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये शाळांतील २१३ सामाजिक-भावनिक कार्यक्रमांचा आणि त्यांतील सुमारे २,७०,००० विद्यार्थ्यांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात सहभागी मुलांची अभ्यासातील कामगिरी इतरांपेक्षा ११ शतमकांनी सरस आढळली. हे कार्यक्रम शाळांतले होते. वस्तीतल्या मैदानाला तोच आकडा जसाच्या तसा लावता येणार नाही.

प्रसिद्धीचा इतिहास थोडक्यात असा. बेघरांच्या विश्वचषकात (प्रारंभ २००३, ग्रात्स, ऑस्ट्रिया) या उपक्रमातून भारतीय संघ जाऊ लागले. २०१० च्या रिओ स्पर्धेत नागपूरचा अखिलेश पॉल कर्णधार होता आणि पुढे तो प्रशिक्षक झाला. ऑक्टोबर २०१४ मध्ये ‘सत्यमेव जयते’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमाने ही कथा घराघरांत नेली. २०१६ चा फिफा विविधता पुरस्कार संस्थेला मिळाला. नागराज मंजुळे यांच्या ‘झुंड’मध्ये (२०२२) अमिताभ बच्चन यांनी बारसे यांच्यावर बेतलेली भूमिका केली आणि वस्तीतली मुले म्हणून नागपूरचीच पोरे पडद्यावर आली. चित्रपट जिवंत आहे. मात्र सामना संपल्यावरची चर्चा पडद्यावर रंगत नाही, आणि लोकांच्या मनात राहिला तो गोल.

अडचणी मैदानावरच्याच आहेत. नागपूरचा मे महिना ४५ अंशांच्या घरात जातो. तेव्हा खेळ पहाटे किंवा दिवस कलल्यावर. मोकळ्या जागा लेआउटांत चालल्या आहेत. मुली वयात आल्या की घरून ‘आता पुरे’ होते, म्हणून त्यांच्यासाठी प्रशिक्षिका हव्यात आणि आईशी आधी बोलावे लागते. सर्वांत अवघड प्रश्न शाळेचा आहे. मैदानावर जो मुलगा ‘माझी चूक झाली’ म्हणतो, त्याला वर्गात तेच म्हटल्यावर छडी किंवा टोमणा मिळाला, तर दुसऱ्या खेपेला तो गप्प बसतो.