न्हाणीघर, वृद्धांसाठीचे (चिंचोळी एमआयडीसी व सोलापूर परिसर)

न्हाणीघर, वृद्धांसाठीचे : उतारवयात पडणे, भाजणे, गुदमरणे किंवा आत अडकून राहणे यांपासून बचाव व्हावा आणि माणसाला होईल तितके दिवस आपली अंघोळ व शौच आपले आपण उरकता यावे, म्हणून घरातील मोरी, संडास किंवा एकत्र बाथरूम यांत केलेले फेरफार. फरशी, उंबरा, दार, धरायच्या दांड्या, बैठक, गरम पाण्याची सोय, दिवा आणि पाणी साठवायची जागा हे सगळे त्यात येते. सोलापूर शहर आणि पुणे महामार्गावर मोहोळ तालुक्यात वसलेली चिंचोळी औद्योगिक वसाहत या भागातील घरे समोर ठेवून ही नोंद केली आहे. या कामाची प्रमाणके कागदावर सगळीकडे सारखीच असतात. प्रत्यक्षात मात्र मोरी केवढी आहे आणि नळाला पाणी किती दिवसांनी येते, यावरच बरेचसे ठरते.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण ९.९ टक्के होते, देशाचे ८.६ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडून दगावतात, आणि त्यांत सर्वाधिक मृत्यू साठीपुढच्यांचे असतात. पडण्याचा दोष ओल्या फरशीवर टाकला जातो. तो अर्धाच खरा. रक्तदाबाची किंवा लघवीची गोळी चालू असलेला माणूस रात्री अंथरुणातून झटकन उठला की रक्तदाब एकदम उतरतो आणि घेरी येते. गरम पाण्याने अंगावरच्या रक्तवाहिन्या सैलावतात, त्यानेही तेच होते. बद्धकोष्ठात कुंथल्यावर नाडी मंदावते. मधुमेहात तळपायाची जाणीव गेलेली असते, मोतीबिंदूमुळे पांढऱ्या फरशीवरचे पांढरे भांडे दिसत नाही. अशा माणसाला फरशी फक्त शेवटचा धक्का देते. म्हणून नुसत्या फरश्या बदलून ‘बाथरूम केली’ म्हणणाऱ्या घरात पडणे थांबत नाही.

सोलापूरच्या गुडघ्यांना त्यांचा इतिहास आहे. गिरण्या चालू होत्या तेव्हा आणि पुढे यंत्रमागावर, पाळ्यांच्या पाळ्या उभ्याने काढलेल्या. विडी वळणाऱ्या बायकांनी मांडीवर सूप घेऊन सगळा दिवस बसून काढलेला. चिंचोळीतल्या कापड, रसायन आणि इंजिनिअरिंग कारखान्यांतील पिढीही आता निवृत्तीला येत आहे. साठीला आल्यावर यांतल्या अनेकांना उकिडवे बसता येत नाही, आणि बसले तर उठता येत नाही. खिशाचे म्हणाल तर, भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शन योजनेतील किमान पेन्शन २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे. शोरूममधली ‘सीनियर सिटिझन बाथरूम’ ही या हिशेबात बसणारी वस्तू नव्हे.

घरांचे प्रकारही ध्यानात घ्यावे लागतात. जुन्या चाळीत खोलीच्या कोपऱ्यात मोरी आणि संडास अंगणापलीकडे सामाईक. नंतरच्या रो हाऊसमध्ये व फ्लॅटमध्ये ४ फूट × ६ फुटांची बाथरूम, शेजारी ३ फूट × ४ फुटांचा संडास. कुंभारीला विडी कामगार महिलांसाठी कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावाने १०,००० घरे उभी राहिली, आणि त्याच गावी रे नगर हा ३०,००० घरांचा प्रकल्प झाला; त्यातील १५,००० घरांचे वाटप १९ जानेवारी २०२४ रोजी झाले. ही घरे साधारण ३०० चौरस फुटांची आहेत. आता प्रमाणक पाहू. केंद्र सरकारच्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत एका अपंगसुलभ शौचालयाला आतून किमान २,२०० × २,००० मिलिमीटर जागा सांगितली आहे. म्हणजे जवळजवळ ४७ चौरस फूट. व्हीलचेअर फिरायला १,५०० मिलिमीटरचे वर्तुळ, दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर. हे नियम सार्वजनिक इमारतींसाठी योग्यच आहेत, पण ३०० चौरस फुटांच्या घराचा सहावा हिस्सा संडासाला देता येत नाही. प्रमाणकातले उतार, उंच्या आणि दांड्यांची मापे घ्यावीत. क्षेत्रफळाचा हट्ट सोडावा. मोरी आणि संडास यांच्यामधली चार इंची भिंत भार घेणारी नसेल, तर ती पाडून दोन्ही एक करणे हा जागा मिळवण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे. भार घेते की नाही, हे मात्र मिस्त्रीच्या अंदाजावर न सोडता इंजिनिअरला दाखवावे.

पाणी : इतर शहरांतल्या पुस्तिकांत न सापडणारा धोका इथे आहे. सोलापूर शहराला उजनीचे पाणी येते, पण नळ रोज येत नाही. दोन पाण्यांमध्ये कित्येक दिवस जातात. त्यामुळे मोरीत पिंपे, हंडे, बादल्या आणि बॅरल यांची गर्दी असते. औद्योगिक वसाहतीच्या आसपास रसायनाचे रिकामे झालेले २०० लिटरचे निळे ड्रम स्वस्तात मिळतात आणि तेच पाण्याला वापरले जातात. ड्रममध्ये आधी काय होते हे ठाऊक नसेल तर ते अंघोळीलाही वापरू नये, हे वेगळे. इथे मुद्दा उंचीचा आहे. ड्रम सुमारे तीन फूट उंच असतो. नळ आला त्या दिवशी पाणी काठाशी असते, तेव्हा काही त्रास नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाणी तळाला जाते आणि म्हातारा माणूस ओल्या फरशीवर चवड्यांवर उभा राहून, पोट काठावर टेकवून, डोके आत घालून तांब्या बुडवतो. वर येताना घेरी आली की धरायला हाताशी असतो तो त्याच ड्रमचा काठ. यावर इलाज स्वस्त आहे : ड्रम विटांच्या किंवा लोखंडी घोडीवर ठेवून तळाशी कॉक बसवावा आणि बादली त्याखाली भरावी. शक्य असेल तर साठवण मोरीबाहेर, पोर्चमध्ये किंवा गॅलरीत न्यावी आणि पाइपाने पाणी आत घ्यावे. भरलेली बादली उचलायची वेळच येऊ नये, अशी नळाची जागा धरावी. अर्धी बादलीसुद्धा सात-आठ किलोची होते. अंघोळीची बादली १५–१६ इंची स्टुलावर ठेवली की वाकणे संपते.

फरशी व उंबरा : जुन्या मोऱ्यांत शहाबादी असे. ती खडबडीत, टाकीचे घाव असलेली, आणि बऱ्यापैकी सुरक्षित. ती काढून गुळगुळीत चकचकीत टाइल बसवणे हीच अनेक घरांतल्या पडण्याची सुरुवात आहे. बाथरूमला मॅट किंवा अँटिस्किड टाइल, तीही लहान आकाराची, १२ इंची किंवा त्याहून छोटी घ्यावी. सांधे जितके जास्त तितकी पकड जास्त. टाइलच्या खोक्यावर घसरण किती रोखते याचे आर-१०, आर-११ असे आकडे असतात. आर-९ ही त्या मापातली सर्वांत खालची पायरी. ती बाथरूमच्या कामाची नाही. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे थर घालवायला घरोघरी अ‍ॅसिड ओततात. त्याने थर जातो, पण सांध्यांतले सिमेंट खाल्ले जाते, झिलई उडते आणि मग साबणाचा मळ अधिकच चिकटतो. उतार न्हाणी ट्रॅपकडे सलग असावा, दर फुटाला साधारण ३ मिलिमीटर. मधे पाणी साचते ती जागा दोन दिवसांत बुळबुळीत होते. दारातला दोन इंची ग्रॅनाइटचा उंबरा पाणी अडवायला असतो आणि पायाला ठेच लावतो. तो काढायचा तर उतार आधी नीट करावा आणि दाराशी लांबट जाळीची मोरी द्यावी. फ्लॅटमध्ये जुनी फरशी उखडताना वॉटरप्रूफिंग फुटते आणि खालच्या घराच्या छताला ओल येते. उतार ठीक असेल तर जुन्या टाइलवरच अ‍ॅढेसिव्हने नवी बसवणे शहाणपणाचे.

टॉवेलच्या गावाला एक सूचना द्यावीच लागते. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल यांना भौगोलिक निर्देशांक मिळाला आहे, आणि घरोघरी जुना टॉवेल दुमडून बाथरूमच्या दारात पायपुसणे म्हणून टाकलेला असतो. टाइलवर तो पायाखालून सरकतो. खाली रबर असलेले पायपुसणे घ्यावे, नाहीतर काहीच टाकू नये.

धरायच्या दांड्या : टॉवेल रॉड ही धरायची दांडी नव्हे. दोन टोकांना दोन-दोन बारीक स्क्रू, ते गिलाव्यातल्या प्लॅस्टिकच्या गिट्टीत बसवलेले. ओला टॉवेल पेलणे एवढेच त्याचे काम. तोल जाणारा माणूस मात्र समोर दिसेल ते पकडतो. रॉड गिट्टीसकट निघतो आणि माणूस तो हातात घेऊनच खाली येतो. ग्रॅब बार सव्वा ते दीड इंच व्यासाच्या, ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचा, प्रत्येक टोकाला रुंद फ्लँज आणि तीन स्क्रू असलेला असावा. भिंत व दांडी यांत दीड ते दोन इंच अंतर ठेवावे. कमी पडले तर बोटे अडकतात, जास्त झाले तर हात कोपरापर्यंत आत जातो. पक्क्या विटेच्या भिंतीत लांब अँकर चालतो. हलक्या एएसी ब्लॉकच्या भिंतीत तो कालांतराने सैल होतो. तिथे केमिकल अँकर किंवा आरपार बोल्ट घालून मागच्या बाजूला पट्टी द्यावी. काम झाल्यावर मिस्त्रीला त्या दांडीला पूर्ण भाराने लटकायला सांगावे. औद्योगिक वसाहतीजवळ राहण्याचा फायदा असा, की फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये हव्या त्या लांबीची दांडी वाकवून, वेल्ड करून मिळते. जागा दुकानदाराने ठरवू नये. ज्याच्यासाठी काम आहे त्याला कोरड्या बाथरूममध्ये, कपड्यांनिशी, रोजचे सगळे करून दाखवायला सांगावे. हात भिंतीला जिथे टेकतो तिथे खडूने खूण करावी. बहुधा तीन खुणा होतात : आत शिरताना एक उभी, कमोडच्या बाजूला आडवी (बैठकीच्या ८–१० इंच वर), आणि अंघोळीच्या स्टुलापाशी एक. रबरी चोषणीने चिकटणारी दांडी खडबडीत टाइलवर आणि सांध्यांवर सुटते. तिच्यावर विसंबू नये.

बैठक : अंघोळीचा लाकडी पाट खाली असतो, म्हणून तो आधी निघावा, त्याच्या जागी रबरी पायांचे, हात असलेले, १७–१८ इंची प्लॅस्टिकचे स्टूल. भारतीय पद्धतीचे भांडे काढून कमोड बसवायचा तर बैठकीची उंची ४५० ते ४८० मिलिमीटर धरावी. बाजारात सर्रास मिळणारे कमोड याहून बुटके असतात, तेव्हा खाली चौथरा किंवा वर उंच सीट लागते. तोडफोड नको असेल तर भांड्यावर ठेवायची कमोड खुर्ची पुरते. जेट स्प्रे मागच्या भिंतीला नको, बसल्या जागी कंबर न वळवता हात पोहोचेल असा पुढे घ्यावा. बसणाऱ्याबरोबर धरणाऱ्याचाही विचार व्हावा. धरणारी बहुतेक घरांत बायको किंवा सून असते, आणि तिलाही पाय रोवायला जागा लागते.

दार आतल्या बाजूला उघडत असेल तर पडलेल्या माणसाच्या अंगानेच ते अडते. बिजागऱ्या फिरवून दार बाहेर उघडणारे करणे हे अर्ध्या दिवसाचे काम आहे, आणि या नोंदीतले बहुधा सर्वांत मोलाचे. आतली कडी काढून बाहेरून नाण्याने फिरवता येणारे लॅच बसवावे. ज्येष्ठांना कडी लावल्याशिवाय बरे वाटत नाही, तेव्हा कडी काढून टाकण्याऐवजी ती बदलावी. दिव्याचे बटण बाहेर, दाराआधी, आणि दिवा इन्व्हर्टरवर. बिनतारी दारघंटीचे बटण फरशीपासून फूटभर उंचीवर चिकटवले तर पडलेल्या माणसालाही दाबता येते.

गरम पाणी : सोलापूरच्या उन्हात गच्चीवरचा सोलर बंब पाणी ६० अंशांच्याही वर नेतो, आणि त्याला गिझरसारखा थर्मोस्टॅट नसतो. ६० अंशांचे पाणी काही सेकंदांत कातडी भाजते. मे महिन्याच्या दुपारी तर काळ्या टाकीतले ‘थंड’ पाणीही चटका देते. तापमान राखणारा मिक्सर बसवता आला तर उत्तम. नाहीतर बादलीत आधी थंड, मग गरम असा क्रम ठेवावा, आणि पाणी पायाऐवजी कोपराने पाहावे. बादलीत सोडायची हीटरची कांडी वृद्धांच्या घरात नसावी. विजेच्या गिझरला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) हवा. गॅस गिझर बंद बाथरूममध्ये कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्या वायूला वास नसतो, आणि अशा मृत्यूंच्या बातम्या महाराष्ट्रात दर हिवाळ्यात येतात. तो बाहेरच्या भिंतीला, उघड्यावर असावा.

खर्चाच्या बाजूने सरकारी मदत वस्तूंपुरती आहे. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत (२०२४) वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असलेल्या ६५ वर्षांवरील व्यक्तीला एकदाच ३,००० रुपये खात्यावर मिळतात. त्यातून चष्मा, श्रवणयंत्र, काठी, वॉकर यांबरोबर कमोड खुर्चीही घेता येते. गवंडीकामाचा खर्च त्यात धरलेला नाही. प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी नियमांत वृद्ध किंवा अपंग असलेल्या कुटुंबांना तळमजल्याचे घर देण्यास प्राधान्य आहे, अर्ज करतानाच ते मागावे. चिंचोळीच्या आसपास भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांना भिंतीत भोक पाडायला मालकाची परवानगी मिळेलच असे नाही. त्यांच्यासाठी कमोडभोवती उभी राहणारी सुटी चौकट, अंघोळीचे स्टूल, घोडीवरचा ड्रम, दारघंटीचे बटण आणि बाहेर उघडणारे दार एवढा संच पुरतो. दार सोडले तर खोली बदलताना तो टेम्पोत घालून नेता येतो.