सोलापूरचें एक वसतिगृह

हल्लीं विद्यार्थ्यांच्या मनःस्वास्थ्याविषयीं पुष्कळ बोललें जातें. शाळांतून समुपदेशक नेमावे, शिक्षकांस या विषयाचें शिक्षण द्यावें, अशा सूचना वरचेवर ऐकूं येतात, आणि त्या योग्यच आहेत. मात्र हा प्रश्न जणूं कालपरवांच उद्भवला असा जो समज या बोलण्यांत दडलेला असतो, तो आम्हांस मान्य नाहीं. शाळेंत मूल कोठें बसतें, कोणाशेजारीं बसतें, तहान लागली असतां पाणी कोणाजवळ मागतें, हे प्रश्न महाराष्ट्रांत फार जुने आहेत. ज्यांना ते पडत त्यांचें बोलणें मात्र कोणी ऐकत नव्हतें. अशांपैकीं एकानें मोठेपणीं त्यांना काय उत्तर दिलें, हें पाहण्याकरितां आम्ही वाचकांस शंभर वर्षांमागच्या सोलापुरास नेऊं इच्छितों.

तत्पूर्वीं थोडें साताऱ्यास थांबलें पाहिजे. तेथील शाळेंत भीमराव आंबेडकर या मुलाला बसावयास घरून गोणपाट न्यावें लागे, आणि सायंकाळीं तें परत घरीं आणावें लागे. कारण वर्ग झाडणारा नोकर त्याला हात लावीत नसे. तहान लागली तर शिक्षकांची परवानगी पुरेशी नव्हती. नळ सोडावयास शिपाई हवा. शिपाई नसेल तर पाणी नाहीं. पुढें मुंबईस एल्फिन्स्टन हायस्कुलांत शिक्षकांनीं त्यांना एकदां फळ्यावर गणित सोडविण्यास बोलाविलें, तों वर्गांत एकच धांवपळ उडाली. इतर मुलांचे डबे फळ्यामागें ठेवलेले होते, व ते विटाळतील म्हणून ज्यानें त्यानें आपापला डबा आधीं उचलला. गणित त्यांनीं बरोबर सोडविलें असेल यांत आम्हांस शंका नाहीं. पण त्या दिवशीं त्या वर्गानें त्यांना गणिताहून निराळें कांहीं शिकविलें. उलट बाजूची गोष्टही सांगितली पाहिजे. साताऱ्यासच आंबेडकर आडनांवाचे एक शिक्षक मधल्या सुटींत आपल्या शिदोरींतली भाजीभाकर या मुलाला देत. बाबासाहेब ही आठवण शेवटपर्यंत विसरले नाहींत. पोटाची भूक त्या भाकरीनें कितीशी भागली असेल! दुसऱ्याच एका भुकेला ती पुरली असावी.

विलायतेहून परतल्यावर डॉ. आंबेडकरांनीं मुंबईस २० जुलै १९२४ रोजीं बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. सर चिमणलाल सेटलवाड सभेचे अध्यक्ष, व व्यवस्थापक मंडळाचे प्रमुख स्वतः डॉक्टर. त्याच्या आदल्याच वर्षीं, ४ ऑगस्ट १९२३ रोजीं, रावबहादुर बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेकौन्सिलानें मंजूर केला होता. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा व शाळा अस्पृश्यांस मोकळ्या असाव्या असें तो सांगत होता. म्हणजे कागदावर शाळेचें दार उघडलें होतें. पण खेड्यांतून शहराच्या हायस्कुलांत आलेल्या मुलानें रात्रीं निजावें कोठें, जेवावें कोठें? खोली त्याला कोणी भाड्यानें देईना. खाणावळीचा उंबरठा त्याच्यासाठीं नव्हता. सोलापूर हें गिरण्यांचें, मराठी, कानडी व तेलुगु या तिन्ही भाषा बोलणारें गजबजलेलें शहर; तेथें परक्याला जागा मिळे, पण याला मिळत नसे. सभेनें ४ जानेवारी १९२५ रोजीं अस्पृश्य विद्यार्थ्यांकरितां वसतिगृह काढलें तें याच शहरीं. मुलांचें जेवणखाण, कपडालत्ता व लेखनसाहित्य यांचा भार सभेनें उचलला, आणि सोलापूर म्युनिसिपालिटीनें दरमहा चाळीस रुपयांची मदत दिली.

एवढ्यावरच ही हकीकत संपली असती तर तिला आम्ही एक चांगला दानधर्म म्हटलें असतें. पण वसतिगृहांतील विद्यार्थ्यांनीं तेथें 'सरस्वती विलास' नांवाचें मासिक सुरू केलें आणि एक मोफत वाचनालयही उघडलें. हा तपशील आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. ज्याला वर्गांत फळ्याजवळ जाण्याचीही चोरी, त्यानें मासिक काढावें. ज्याला पाणी वरून ओततात, त्यानें दुसऱ्यांच्या हातीं पुस्तक द्यावें! आणि मासिकाला नांव दिलें तें कोणाचें, तर ज्या देवतेच्या मंदिराबाहेर पिढ्यान्‌पिढ्या त्यांना उभें केलें गेलें होतें तिचें. यांत कोणाचा खोडकरपणा होता कीं निव्वळ भाबडेपणा, हें ज्याचें त्यानें ठरवावें. अन्न घेणारा मुलगा उपकृत होतो. लिहिणारा व वाचावयास देणारा मुलगा यजमान होतो, हा भेद सोलापुरांत कोणाला तरी नीट कळला होता.

याच शहरीं त्याच काळीं मुलांच्या सुधारणेचा दुसरा एक प्रयोग चालू होता. गुन्हेगार जमातींच्या कायद्याखालीं वसविलेल्या कुंपणाआडच्या वस्तीला सोलापुरांत अजूनही लोक सेटलमेंट म्हणतात. तेथील माणसें गिरण्यांत कामास जात, हजेरी देत, आणि त्यांच्या मुलांकरितां शाळाही होती. १९२४ सालच्या कायद्याप्रमाणें सहा वर्षांवरील मुलांस आईबापांपासून तोडून सुधारशाळेंत ठेवण्याचा अधिकार सरकारास होता. अन्न, वस्त्र, अक्षरओळख, सारें तेथेंही होतें. तथापि तेथील मूल जन्मतःच संशयित होतें, आणि ज्यावर संशय आहे त्याचें कल्याण कितीही दयाबुद्धीनें केलें तरी तो पहाराच ठरतो. हा कायदा मुंबई प्रांतांतून १९४९ सालीं व साऱ्या देशांतून १९५२ सालीं गेला.

अस्पृश्यांचें निराळें वसतिगृह काढल्यानें भेद वाढतो, असा आक्षेप कोणी घेईल. आक्षेप पोकळ नाहीं. कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं १९०१ सालापासून जातवार वसतिगृहांस जो आश्रय दिला, त्यावरही हेंच बोललें गेलें. आणि साताऱ्यास कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९२४ सालीं सर्व जातींच्या मुलांना एका पंक्तीस बसवून निराळा मार्ग दाखविला. एक पंगत हेंच अखेरचें ध्येय, याविषयीं आमचें दुमत नाहीं. परंतु ज्याला पंक्तींतून रोज उठविलें जातें त्याला आधीं एक असें घर हवें कीं जेथून कोणी उठविणार नाहीं. भेद वसतिगृहानें निर्माण केला नव्हता. तो बाहेर उभाच होता, आणि वसतिगृहाच्या दारापाशीं त्याला थांबावें लागे.

तो अजून कोठें कोठें उभा आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेंतील दलित व आदिवासी विद्यार्थ्यांच्या तक्रारींची चौकशी प्रा. सुखदेव थोरात यांच्या समितीनें केली. २००७ सालच्या तिच्या अहवालांत असें आढळतें कीं इतरांकडून होणाऱ्या छळास कंटाळून हे विद्यार्थी आपल्या खोल्या सोडून वसतिगृहांच्या ठराविक मजल्यांवर एकत्र राहावयास गेले होते. हीं मुलें देशांतील अत्यंत कठीण परीक्षा उत्तीर्ण होऊन तेथें आलेलीं; खोली, जेवण, ग्रंथालय, कशाचीच त्यांना वाण नव्हती. सोलापुरांत जें घर सभेनें ब्याऐंशी वर्षांपूर्वीं उघडपणें बांधून दिलें होतें, तें दिल्लींत या मुलांनीं आपल्यापुरतें, जिन्याच्या वरच्या टोकाला, स्वतःच करून घेतलें.