रेल्वेतील सुगम्यता मानके (भारत)

रेल्वेतील सुगम्यता मानके (भारत) : अपंग प्रवाशाला स्थानकात शिरल्यापासून इच्छित स्थानकाबाहेर पडेपर्यंतचा प्रवास शक्यतो दुसऱ्याच्या आधारावाचून करता यावा, यासाठी फलाट, उतार, डबे, स्वच्छतागृहे व सूचना यांबाबत ठरवलेली मापे आणि नियम. १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमाच्या ४४ व्या कलमाने डबे व त्यांतील स्वच्छतागृहे अपंगांना वापरता येतील अशी करण्यास सांगितले, पण आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. २०१६ च्या अधिनियमाने (कलम ४१) स्थानकांना मानके लागू केली. जुन्या गाड्यांबाबत मात्र तांत्रिक शक्यता, सुरक्षितता, परवडणे आणि रचनेत मोठा फेरबदल न होणे अशा अटी ठेवल्या. अटी आल्या की त्यांचा अर्थ लावणे आले, आणि तिथेच एकसारखेपणा निसटतो.

मानकांतला कळीचा आकडा फलाटाच्या उंचीचा. रुळाच्या माथ्यापासून मोजल्यास भारतीय रेल्वेचे फलाट तीन प्रकारचे : उंच (७६० ते ८४० मिमी), मध्यम (४५५ मिमी) आणि रूळ-पातळीचे. लांब पल्ल्याच्या डब्याची फरशी सुमारे १.२ ते १.३ मीटरवर असते. म्हणजे उंच फलाटावरही चाकाच्या खुर्चीपुढे चाळीस-पन्नास सेंटिमीटरांची चढण उरतेच. मध्यम फलाटावर ती पाऊण मीटरच्या पुढे जाते, आणि रूळ-पातळीवर दाराच्या लोखंडी पायऱ्या धरून चढण्यावाचून इलाज नसतो. खुर्चीसकट माणूस उचलायला दोघे तरी लागतात. लहान स्थानकात गाडी थांबते जेमतेम दोन मिनिटे. रुंद दाराचा व मोठ्या स्वच्छतागृहाचा, अपंगांसाठीचा एसएलआरडी डबा बहुधा गाडीच्या टोकाला असतो, आणि फलाटाचे छप्पर तिथवर पुष्कळदा पोचलेले नसते. कोणत्या स्थानकाला कोणता फलाट व कोणत्या सोयी, हे किमान सुविधांच्या यादीत स्थानकाच्या वर्गाला बांधलेले होते. २०१७ पर्यंत ए-१ ते एफ ही मुख्यतः उत्पन्नावर आधारलेली उतरंड होती. नंतर बिगर-उपनगरी, उपनगरी व हॉल्ट असे गट झाले आणि प्रवासीसंख्याही धरली जाऊ लागली. हा पायाच प्रस्तुत विषयाला गैरलागू आहे. वर्ग स्थानकाचा असतो, प्रवास दोन स्थानकांमधला. मुंबईत सुखाने चढलेल्या प्रवाशाला हॉल्टवर उतरता येत नसेल, तर मुंबईतल्या सोयीचाही त्याला उपयोग नाही.

एकच नियम देशभर चालवणे रेल्वेला जमत नाही, असे म्हणता येत नाही. भाडेसवलतीचा नियम सर्व झोनमध्ये एकच आहे : बहुतेक पात्र अपंग प्रवाशांना द्वितीय व शयनयान वर्गात ७५ टक्के, वातानुकूलित प्रथम व द्वितीय वर्गांत ५० टक्के. कागदावरची समानता स्वस्त पडते, काँक्रीटची महाग, एवढाच काय तो फरक. मुंबई उपनगरी मार्गावर २०१४ मध्ये घाटकोपर स्थानकात फलाटाच्या फटीत पडून झालेल्या अपघातानंतर मुंबई उच्च न्यायालयाने लक्ष घातले आणि फलाट ९२० मिमीपर्यंत उंचावण्याचे काम वेगाने हाती घेतले गेले. तेही गाडी व फलाट यांमधील फटीत पडणाऱ्या सर्वसाधारण प्रवाशांसाठी; अपंगांचा लाभ आनुषंगिक.

समान मानकांवर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला खर्चाचा : हजारो स्थानकांपैकी अनेक ठिकाणी अपंग प्रवासी क्वचितच येतात. पण जिथे चढताच येत नाही तिथली प्रवासीसंख्या गरजेचे माप म्हणून धरणे चूक आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. त्याच रुळांवरून मालगाड्या व अवाढव्य आकाराच्या वस्तू जातात, त्यामुळे फलाट हवा तेवढा उंचावता येत नाही. हे मान्य केले, तरी त्यातून निघतो तो एकच निष्कर्ष : उरलेली चढण डब्याने किंवा हलत्या रॅम्पने भरून काढावी. युरोपीय संघाच्या २०१४ च्या नियमावलीने (क्र. १३००/२०१४) मापे सर्वांना समान ठेवली आणि ती कधी गाठायची याचे आराखडे सदस्य देशांवर सोपवले. तिथेही फलाटाच्या ५५० व ७६० मिमी अशा दोन उंची मान्य आहेत, शिवाय काही देशांना अपवाद. मुदत वेगवेगळी असू शकते. माप मात्र आधी ठरलेले हवे.

राजीव रतुरी विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सुगम्यतेबाबत निर्देश दिले. ८ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात २०१६ च्या अधिनियमाखालील २०१७ च्या नियमावलीतील नियम १५(१) मूळ कायद्याशी विसंगत ठरला, कारण त्याखालील मार्गदर्शक सूचना केवळ शिफारशींसारख्या होत्या. बंधनकारक नियम तीन महिन्यांत वेगळे काढण्यास शासनाला सांगण्यात आले.

मेट्रो : फलाट व डब्याची फरशी आरंभापासून जवळपास एका पातळीत; मापांचा वाद फारसा उद्भवत नाही.

दृष्टिदोष : स्पर्शमार्गिका, ब्रेल फलक, मुंबईत उपनगरी गाडीतील राखीव डब्याची जागा दर्शविणारे ध्वनिसंकेत.

श्रवणदोष : दृश्य सूचनाफलक. याबाबतची मानके त्रोटक आहेत.